खाटेपासून मोरीपर्यंत

वस्तीत कुणाला लकवा मारला की पहिले आठ दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. कुणी शहाळं आणतं, कुणी वैदूचा पत्ता देतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. पुढे रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा कागदावर खाली एक ओळ असते, ‘फिजिओ, ओटी सल्ला’. तो कागद गोळ्यांच्या पिशवीत जातो. महिन्याभरात येणारी-जाणारी माणसं कमी होतात आणि आजारी माणूस खोलीच्या कोपऱ्यातल्या खाटेवर कायमचा स्थिरावतो. घास तिथेच भरवायचा, अंग तिथेच पुसायचं, शौचाचं भांडंही तिथेच. घरचे मनापासून सेवा करत असतात. पण त्याच खाटेवर हात आखडत जातो, पाऊल खाली वळतं, पाठीला जखम होते आणि माणूस हळूहळू बोलायचाही थांबतो.

आमच्या पुनर्वसन गटाचं बहुतेक काम या खाटेपासून घरातल्या मोरीपर्यंतच्या सात-आठ फुटांत चालतं. हे अंतर माणसाने पुन्हा स्वतः पार करावं यासाठी गट लागतो, कारण हे एकट्या डॉक्टरचं किंवा एकट्या सुनेचं काम नाही. असा गट कसा चालवायचा आणि तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर उद्यापासून काय करता येईल, ते या अंकात सांगतो.

‘ओटी’ म्हणजे काय?

कागदावरचं ‘ओटी’ वाचून अनेकांना ऑपरेशन थिएटर आठवतं आणि ते घाबरतात. इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात, पण त्या शब्दानेही गैरसमज होतो. लोकांना वाटतं, हे धंदा शिकवणारे लोक असावेत. या उपचारात ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो ते सगळं. तोंड धुणं, साडी नेसणं, भात कालवून खाणं, नातवाला मांडीवर घेणं, कामावर जाणं, विहारात वंदनेला बसणं. फिजिओथेरपी मुख्यतः हातापायाची ताकद, तोल आणि हालचाल यांवर काम करते. त्या हाताने घास तोंडापर्यंत कसा न्यायचा, हात परत आलाच नाही तर दुसऱ्या हाताने किंवा एखाद्या साध्या साधनाने ते काम कसं करायचं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. दोन्ही लागतात.

हे शास्त्र आपल्याकडे रुजलं ते मुंबईतच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय सुरू केलं. आज मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिका रुग्णालयांमध्ये आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळतं आणि रुग्णांवर उपचारही होतात. अडचण अंतराची आहे. उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा रिक्षाने न्यायचं म्हणजे घरातल्या एकाचा रोज बुडतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर जाणं थांबतं. आणि सुधारणा जास्तीत जास्त वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. तोच काळ वाया जातो. नंतरही माणूस शिकू शकतो, पण कष्ट वाढतात.

या अडचणीवर जगाने शोधलेलं उत्तर म्हणजे समाजाधारित पुनर्वसन. १९७८ साली आल्मा-आटा इथल्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुढे आणली. तज्ज्ञाने आपलं कौशल्य वस्तीतल्या माणसांना शिकवायचं आणि उपचार घरात, गल्लीत, शाळेत न्यायचा. २०१० साली संघटनेने या कामाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत आरोग्याच्या जोडीला शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण अशी पाच अंगं सांगितली आहेत. नुसता हात हलवून पुनर्वसन होत नाही, हे त्यात मान्य केलं आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होतं. कामं जोखमीची, रक्तदाबाची गोळी मध्येच बंद केलेली, उपचार उशिरा, ही त्यामागची कारणं आम्हाला घरोघरी दिसतात.

गट कुणाचा आणि चालवायचा कसा?

आमच्या गटात ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई आठवड्यातून दोन दिवस येतात. फिजिओथेरपिस्ट एक दिवस. वस्तीतल्याच चार बायका रोज घरभेटी करतात. एक भाऊ सुतारकाम जाणतात, पोलिओमुळे स्वतः कुबडी वापरतात. गट चालवण्याची जबाबदारी आमच्याकडे, म्हणजे परिचारिकेकडे आहे. लोक विचारतात, तज्ज्ञ तर ताई आहेत, मग तुम्ही काय करता? उत्तर असं की कुणाकडे आधी जायचं, कुणी जायचं आणि कधी थांबायचं, हे रोज ठरवावं लागतं. ते ठरलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गट धावतो आणि कोपऱ्यातली म्हातारी राहून जाते.

आमचा क्रम ठरलेला आहे. अंगाला जखम झालेला रुग्ण सगळ्यांत आधी. मग तीन महिन्यांच्या आत लकवा झालेला. मग मान न धरणारं किंवा वेळेत न बसणारं लहान मूल. मग एकटं राहणारं माणूस. बाकीचे त्यानंतर. दर बुधवारी सगळे एकत्र बसतात. प्रत्येक घराबद्दल तीनच गोष्टी बोलायच्या: मागच्या आठवड्यात माणसाने स्वतः काय केलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात कोण जाणार. ‘बिचारे फार हाल आहेत’ असं बोलण्यात बैठक घालवायची नाही.

वस्तीतल्या कार्यकर्तीने काय करायचं याची जशी यादी आहे, तशी काय करायचं नाही याचीही आहे. नवीन व्यायाम तिने मनाने सुरू करायचा नाही. एका पायाची पोटरी सुजली आणि दुखते, ताप आला, फिट आली, दम लागला, पाणी पिताना वारंवार ठसका लागतो, यांतलं काही दिसलं की व्यायाम थांबवून लगेच कळवायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. या यादीमुळे ताईंना निर्धास्तपणे काम सोपवता येतं आणि कार्यकर्तीलाही आपली हद्द कळते.

प्रत्येक घरात एक वही ठेवतो. ती घरच्यांची असते, गटाची नाही. जो येईल त्याने तारीख घालून लिहायचं. घरात लिहिता येणारं शाळकरी पोर असेल तर ते लिहितं. मोठ्या रुग्णालयात जाताना ही वही सोबत न्यायची.

काय जमवायचं, ते ठरवायचं कुणी?

पहिल्या भेटीत व्यायाम शिकवत नाही. आधी विचारतो, आजारपणाआधी तुमचा दिवस कसा जायचा? आज त्यातलं काय अडतं? आणि त्यातलं एकच काम परत मिळालं तर कोणतं हवं? हा प्रश्न आजारी माणसाला विचारायचा असतो. बहुतेक घरांत उत्तर मुलगा देतो, नाही तर सून. माणसाची वाचा गेली असेल तर चित्रं दाखवून, बोटाने खूण करवून घेतो, पण उत्तर त्याचंच घेतो. कॅनडातल्या थेरपिस्टांनी तयार केलेली एक पद्धत जगभर वापरली जाते. माणसाने स्वतः आपली अडचण सांगायची आणि ते काम आज किती जमतं, त्याबद्दल आपण किती समाधानी आहोत, याला दहापैकी गुण द्यायचे. काही आठवड्यांनी पुन्हा गुण द्यायचे. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही अशा आजीसुद्धा हाताची बोटं दाखवून अचूक गुण देतात.

घरकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. उजवी बाजू गेली होती. घरचे म्हणाले, आधी चालती झाली पाहिजे. मावशी म्हणाल्या, “मला मोरीत एकटीला जायचंय. पोरीसमोर उघडं पडायची लाज वाटते.” पोरगी आठवीत होती. आई कामावर नाही, बाप सकाळी नाक्यावर, म्हणून आईला उचलायला ती घरी राहिलेली. दोन महिने शाळेत गेली नव्हती. म्हणजे मावशींनी मागितलेल्या एका कामावर पोरीची शाळा अडलेली होती.

गल्लीच्या टोकाचं सार्वजनिक शौचालय सुरुवातीला लांब पडणार होतं. सुतार भाऊंनी भक्कम खुर्चीची बैठक मधोमध कापली, खाली बादली ठेवली आणि ती खुर्ची मोरीत बसवली. खाटेच्या पायांखाली विटा घालून ती उंच केली, कारण उंच जागेवरून उठणं सोपं जातं. खाट अशी वळवली की मावशींची चांगली बाजू मोरीकडे आली. भिंतीत हाताला धरायला लोखंडी दांडा पक्का बसवला. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. लोटा डाव्या हाताला.

मग थेरपिस्ट ताईंनी या एका कामाचे तेरा तुकडे केले: कुशीवर वळणं, पाय खाली सोडणं, बसणं, तोल सांभाळणं, असे तेरा. आणि शिकवायला सुरुवात केली ती शेवटच्या तुकड्यापासून. पहिल्या आठवड्यात बारा तुकडे पोरीने मदत करून करायचे, खाटेवर परत बसल्यावर कपडे नीट करण्याचा तेरावा तुकडा मावशींनी एकटीने. दुसऱ्या आठवड्यात शेवटचे दोन. याचा फायदा असा की रोज ते काम मावशींच्याच हाताने पूर्ण होतं. सुरुवातीपासून शिकवलं तर माणूस तिसऱ्या पायरीवर दमतो आणि ‘मला जमत नाही’ एवढंच लक्षात ठेवतो.

पावणेदोन महिन्यांनी मावशी एकट्या मोरीत जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी या कामाला एक गुण दिला होता, आता सात दिले. पोरगी शाळेत गेली. मावशींचा उजवा हात अजूनही पुरता उघडत नाही. ‘बरी झाली का?’ असं विचाराल तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. त्यांनी पुढचं काम निवडलं ते पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाण्याचं. त्यासाठी शिवून घेतलेली तयार साडी केली. विहारात सगळे सतरंजीवर बसतात म्हणून त्या जायचं टाळत होत्या. तिथे मागच्या भिंतीशी चार खुर्च्या कायमच्या ठेवल्या. आता त्यांवर गुडघे धरलेल्या आणखी तीन आज्या बसतात.

झाडू की सही?

‘काय जमवायचं ते माणसाने ठरवायचं’ हे तत्त्व आपल्या समाजात किती महत्त्वाचं आहे, हे एका सफाई कामगार दादांमुळे ठळकपणे दिसलं. पालिकेत कायम नोकरी. लकव्याने उजवा हात कमजोर झाला. घरचे काळजीने सांगत होते, काही करून झाडू धरता आला पाहिजे, नाही तर नोकरी जाईल. कार्यालयात कुणीतरी सांगून ठेवलं होतं, राजीनामा द्या, पोराला लावून घेऊ. आमच्या गटातही पहिला विचार तोच आला, की पूर्वीचं काम तेच शिकवायचं काम.

दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मला सही करायचीय. माझा बाप अंगठा लावायचा. मी परत अंगठ्यावर जाणार नाही.”

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं की जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि त्यात माणसाच्या निवडीला जागा नाही. ज्या उपचाराच्या नावातच व्यवसाय आहे, त्याने निदान आमच्या वस्तीत तरी हे विसरून चालणार नाही. माणसाला त्याच्या बापजाद्यांच्या हत्याराकडे परत नेणं म्हणजे पुनर्वसन, असं आम्ही मानत नाही. त्याला ते हत्यारच हवं असेल तर तेही शिकवू, पण विचारल्यावर.

दादांनी डाव्या हाताने सही शिकायला घेतली. कागद सरकू नये म्हणून खाली ओला फडका, पेनला सायकलच्या ट्यूबचा जाड वेढा. रोज वीस मिनिटं. पाच आठवड्यांनी सही बसली. पहिली सही ज्या अर्जावर केली, तो अर्ज होता कायद्याच्या आधारे पर्यायी काम मागण्याचा.

हा कायदा प्रत्येक कायम सरकारी व पालिका कर्मचाऱ्याच्या घरात माहीत असायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचं पद खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसरं काम द्यायचं. तशी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. म्हणून घाईघाईत राजीनाम्यावर सही करू नका. आधी युनियनला आणि जाणकाराला विचारा, अर्जाची पोच घ्या. दादा आज हजेरी चौकीवर काम करतात. कंत्राटी कामगारांना हे संरक्षण इतकं सरळ मिळत नाही, आणि आपल्या वस्तीत तेच जास्त आहेत. ती लढाई बाकी आहे.

घरात लकव्याचा रुग्ण असेल तर

लक्षणं दिसली त्या क्षणापासून सुरुवात करू. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, जीभ अडखळते, यांतलं एक जरी अचानक झालं तरी १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. कबुतर शोधण्यात गेलेला एक तास परत मिळत नाही.

घरी आणल्यावर:

लुळा हात धरून माणसाला कधीही ओढून उठवू नका. खांद्याचा सांधा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने छळतं. हात लोंबकळू देऊ नका, बसल्यावर उशीवर ठेवा.

खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं रोज उजेडात पाहा. लाल डाग दाबल्यावरही जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागी चोळू नका, तिथला दाब काढा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण खाटेवर पडून नाही, बसवून द्या. लहान घास, सावकाश, बोलणं बंद.

कपडे घालताना आजारी हात आधी, काढताना आजारी हात शेवटी. एवढ्या एका नियमाने निम्मी ओढाताण वाचते.

खाटेवरून खुर्चीत नेताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा.

बोटं आवळलेल्या हातात स्वतःहून रबरी चेंडू देऊ नका. काही रुग्णांत त्याने मूठ आणखी घट्ट होते. थेरपिस्टना विचारा.

जे काम माणूस हळू का होईना करतो, ते तुम्ही हिसकावून करू नका. शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतील. ती दहा मिनिटंच त्याचा उपचार आहे.

रक्तदाबाची, साखरेची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका. मिश्री, तंबाखू, बिडी सोडा. दुसरा झटका पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो.

दोनशे रुपयांची साधनं आणि माळ्यावरची व्हीलचेअर

महाग साधनांवाचून बरंच होतं. चमच्याच्या दांड्याला कापड किंवा ट्यूब गुंडाळली की कमजोर मुठीत तो बसतो. पोळपाटाखाली ओला फडका घातला की तो एका हातानेही सरकत नाही. लाकडी फळीत खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून कांदा त्यात रोवला की एका हाताने चिरता येतो. विळी मात्र आता नको, तिला दोन हात आणि पायाचा दाब लागतो. साबण पातळ कापडी पिशवीत घालून दोरीने नळाला बांधा. बटणांच्या जागी वेलक्रो शिवा.

शिबिरात वाटलेली व्हीलचेअर आम्ही अनेक घरांत माळ्यावर पाहिली आहे. फोटो निघतो, खुर्ची घरी येते आणि दारातून आत जात नाही. खुर्ची घेण्याआधी दाराची, गल्लीच्या सगळ्यांत अरुंद जागेची आणि माणसाच्या कमरेची रुंदी मोजून न्या. उताराचा नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांब उतार हवा. आपल्या गल्लीत बारा फूट कुठून आणायचे? तिथे आम्ही उंच पायरीचे दोन बुटके टप्पे करतो आणि बाजूला दांडा लावतो. चालू शकणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. पण सार्वजनिक शौचालयात एक तरी बैठं भांडं, दांडे आणि रुंद दार ही मागणी घरातल्या सुताराने नाही, पालिकेने पुरी करायची आहे. त्यासाठी वॉर्ड कार्यालयात सह्यांचा अर्ज करा.

मुलं आणि मनाचे आजार

मेंदूच्या पक्षाघाताचं मूल सतत आडवं राहिलं तर त्याला जग छतापुरतंच दिसतं. त्याला आधार देऊन बसवलं की ते हात वापरतं, माणसं ओळखतं, खाताना ठसका कमी लागतो. जुन्या पुठ्ठ्यांचे थर खळीने चिकटवून कोपऱ्याची बैठक करता येते. मूल नऊ-दहा महिन्यांचं होऊनही बसत नसेल तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि जिल्हा पातळीवर लवकर निदान व उपचाराची केंद्रं आहेत. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे.

मनाच्या आजारातून उठणाऱ्या तरुणालाही हाच उपचार लागतो. गोळीने भास थांबतात, पण दिवस रिकामाच राहतो. सकाळी ठरल्या वेळी उठणं, आंघोळ, पाणी भरणं, दोन तासांचं काम, असा दिवस पुन्हा एकेक वीट रचून बांधावा लागतो. अशा घरांनी लपून राहू नये. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

कागद विसरू नका

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. ४० टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा दरवाजा उघडतो. निराधारांसाठीच्या संजय गांधी योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा. कुबडी, व्हीलचेअर, कॅलिपर यांसाठी केंद्राची अ‍ॅडिप योजना आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

तुमच्या विहारात सुरुवात कशी कराल?

थेरपिस्ट नाही म्हणून थांबू नका. वर्षावासात ग्रंथवाचनाला माणसं रोज जमतात. त्यांतल्या चार जणांनी एक वही घेऊन गल्लीगल्लीत विचारावं, कोण बाहेर येत नाही? ही यादी आपल्या हातात आली की अर्धं काम झालं. मग जवळच्या पालिका किंवा सरकारी रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात जाऊन भेटा. महिन्यातून एक दिवस तरी कुणी शिकवायला येईल का, विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवाल का, असं विचारा. शिकायला निदान दोन पुरुष बसवा. रुग्णाला उचलायचं, धुवायचं काम बायकांच्याच वाट्याला आलं तर एक बरा होतो आणि दुसरी कंबरेने जाते. आणि ज्यांना स्वतःला अपंगत्व आहे त्यांना गटात पहिल्या दिवसापासून घ्या. कुबडीवाला सुतार दांडा कुठे हवा ते बरोबर सांगतो.

आमचा गट एखाद्या घरी जायचं कधी थांबवतो, तेही सांगतो. आजार गेला म्हणून नाही. माणसाने मागितलेली कामं त्याला जमू लागली, घरच्यांना पुढचं करता येऊ लागलं आणि अडलं तर कुणाला बोलवायचं ते त्यांना ठाऊक झालं की भेटी थांबतात. वही त्यांच्याकडेच राहते.

आज संध्याकाळी शेजारच्या घरात कुणी खाटेवर असेल तर जा. ‘बरं वाटतं का?’ हे विचारून झालं की आणखी एक विचारा, “आज स्वतःच्या हाताने काय केलंत?” उत्तर ‘काही नाही’ आलं तर पाण्याचा पेला त्यांच्या चांगल्या हाताजवळ ठेवा आणि थोडा वेळ थांबा.